राणीचं नाणं सापडलंय, किती येतील?

दिवाळीच्या साफसफाईत साताऱ्याच्या मावशीला आजीचा पितळी डबा सापडला आणि दुसऱ्या मिनिटाला माझा फोन वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो, खाली मेसेज: "अरे तू तिकडेच आहेस ना, राणीचं नाणं सापडलंय, लाखात जातं म्हणे, चौकशी कर." एका फोटोत चांदीचा रुपया, १८६२ सालचा. दुसऱ्यात काहीतरी सोन्याचं होतं पण अर्ध्या नाण्यावर मावशीचा अंगठा, आणि वरच्या बाजूला कडी डाग दिलेली.

हा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा येतो, माणसं बदलतात फक्त. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, नोकरी वेगळीच आहे, पण गेली दहा-अकरा वर्षं जुनी ब्रिटिश नाणी गोळा करायचा नाद लागलाय, त्यामुळे नातेवाइकांत मी 'एक्स्पर्ट'. आणि युट्यूबवर "हे नाणं असेल तर तुम्ही लखपती" छापाच्या व्हिडिओंचा सुळसुळाट इतका झालाय की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं की आमच्या नावाने कुणी जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी चार्जेस, कमिशन, टॅक्स मागत असेल तर ते आम्ही नाही, देऊ नका. तरी लोक देतातच. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

आधी हा घोळ मिटवू

आपल्याकडे 'ब्रिटिश नाणं' म्हणजे राजा-राणीचं तोंड असलेलं कुठलंही नाणं. पण मावशीचा १८६२ चा रुपया हे ब्रिटिश इंडियाचं नाणं, पाडलेलं आपल्याकडेच, हिंदुस्थानातल्या टांकसाळीत. त्याचा संग्राहक वेगळा, कॅटलॉग वेगळा, बाजार वेगळा. आणि १८६२ ची गंमत अशी की ते साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत होते, साल बदललंच नाही! त्यामुळे १८६२ चा रुपया म्हणजे आपल्याकडे घरोघरी देव्हाऱ्यात असतो तो. ११.६६ ग्रॅम वजन, त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. काही बारीक फरकांच्या प्रकारांना जास्त भाव मिळतो हे खरं, पण सरसकट लाख वगैरे विसरा.

खुद्द ब्रिटनमध्ये चालणारी नाणी म्हणजे फार्दिंग, पेनी, शिलिंग, क्राऊन, सॉव्हरिन. हा लेख त्यांच्याबद्दल. आपला आणि त्यांचा संबंध नाही असं मात्र नाही. १८९३ पासून ब्रिटनच्या नाण्यांवर राजा-राणीच्या नावापुढे लॅटिनमध्ये 'इंड इंप' असं दोन शब्दांचं शेपूट यायला लागलं, म्हणजे 'हिंदुस्थानचा सम्राट' किंवा 'सम्राज्ञी'. लंडनमध्ये पाव विकत घेणाऱ्याच्या हातातल्या पेनीवरही आपण होतो. आणि ते शेपूट १९४८ च्या नाण्यापर्यंत राहिलं, १९४९ ला गेलं. माझ्याकडे १९४८ आणि १९४९ च्या दोन पेन्या शेजारी शेजारी ठेवल्यात, मिळून किंमत दोन पाउंडसुद्धा नसेल, पण पाहुणे आले की मी आधी त्याच दाखवतो.

पाउंड, शिलिंग, पेन्सचा पाढा

१५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत इंग्लंडचा हिशोब आपल्या रुपये-आणे-पै सारखाच होता. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड, म्हणजे पाउंडात २४० पेन्स. खाली पेनीचा चौथा भाग फार्दिंग, वर दोन शिलिंगचा फ्लोरिन, अडीच शिलिंगचा हाफ क्राऊन, पाच शिलिंगचा क्राऊन, आणि सोन्याचं एक पाउंडाचं सॉव्हरिन. आपल्या आज्या ज्याला 'गिनी' म्हणायच्या ते बहुतेक वेळा हेच सॉव्हरिन असतं. खरी गिनी वेगळी, ती १६६३ ते १८१४ मध्ये पाडलेली, पुढे २१ शिलिंगला ठरलेली, आणि नाव पडलं ते आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्यावरच्या सोन्यावरून. पण आपल्याकडे नाव चिकटलं ते चिकटलं.

आता चांदीच्या नाण्यांबद्दल दोन सालं पाठच करा. १९१९ पर्यंतची नाणी ९२.५% चांदीची. १९२० पासून ५०%. १९४७ पासून चांदी शून्य, तांबं आणि निकेल. पहिल्या महायुद्धाने चांदी महाग केली म्हणून अर्धी काढली, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून घेतलेली चांदी परत करायची होती म्हणून उरलेलीही काढली. दिसायला जवळजवळ सारखीच नाणी, पण १९१९ च्या हाफ क्राऊनमध्ये १३ ग्रॅम चांदी, १९२० च्या मध्ये ७, आणि १९४७ च्या मध्ये काहीच नाही. इकडे नाण्यांच्या बाजारात झिजलेल्या चांदीच्या नाण्यांचे ट्रे असतात, त्यांना 'जंक सिल्व्हर' म्हणतात, भंगार चांदी, ती नुसती वजनावर विकतात, राणी कोण आणि साल काय कुणी बघत नाही.

"पण शंभर वर्षं जुनं आहे ना!"

हे प्रत्येक जण म्हणतो. मी उत्तर म्हणून माझा १७९७ चा पेनी खिशातून काढतो. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर पाडलेला, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम तांबं, पापडाच्या लाटीएवढा जाड, कड इतकी रुंद आणि उठावदार की लोकांनी नाव ठेवलं 'कार्टव्हील', बैलगाडीचं चाक. त्याच साली दोन पेन्सचं नाणं दोन औंसाचं काढलं, खिशात चार ठेवली तर चड्डी खाली यायची. सव्वादोनशे वर्षांचं हे नाणं मला १८ पाउंडाला मिळालं, दोघांच्या जेवणाचं बिल याहून जास्त होतं. झिजलेली रोमन तांब्याची नाणी तर सतराशे वर्षांची असून पाच-दहा पाउंडात मिळतात.

उलट १९३३ ची पेनी घ्या. त्या साली बँकांकडे पेन्या इतक्या साठल्या होत्या की नवीन पाडायची गरजच नव्हती, पण इमारतींच्या कोनशिलेखाली त्या वर्षीची नाणी ठेवायची प्रथा, म्हणून मोजून काही पाडल्या. आज सातच्या आसपास माहिती आहेत. १९७० मध्ये लीड्समधल्या एका चर्चच्या कोनशिलेखालची पेनी चोरांनी खणून नेली! एक पेनी.

म्हणजे बघायचं काय, तर मिंटेज, त्या साली किती पाडली तो आकडा. १९६७ साल घातलेल्या पेन्या ६५ कोटींच्या वर, १९५१ च्या फक्त १ लाख २० हजार. सोळा वर्षांनी जुनं म्हणून नव्हे, कमी म्हणून १९५१ महाग. एडवर्ड सातव्याचा १९०५ चा हाफ क्राऊन १,६६,००८ पाडला, तो झिजलेला असला तरी लोक मागे लागतात, आणि त्याचीच नकली नाणीही खूप आहेत.

पण मिंटेजवरही डोळे मिटून विश्वास नको, कारण पाडली किती आणि उरली किती हे दोन वेगळे आकडे. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली तेव्हा जगभर जुनी चांदीची नाणी भट्टीत गेली, त्याचा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही. आणि याच्या बरोबर उलटही होतं. १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची ५० वर्षं म्हणून नवीन सिक्सपेन्स काढलं, त्याची मागची बाजू सोन्याच्या हाफ सॉव्हरिनसारखीच दिसायची, तर लोकांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन सहा पेन्सचं नाणं दहा शिलिंगला खपवायला सुरुवात केली. सरकारने घाईघाईत मागे घेतलं. आता मागे घेतलं म्हणजे दुर्मिळ असणार, नाही का? नाही. मागे घेतलंय हे कळल्यावर सगळ्यांनी आठवण म्हणून जपून ठेवलं, आज ढिगाने मिळतं आणि तेही छान अवस्थेत. १८४९ च्या फ्लोरिनचंही तेच, त्यावर 'देवाच्या कृपेने' हे शब्द घालायचे राहिले, बोंबाबोंब झाली, लोकांनी 'गॉडलेस फ्लोरिन' म्हणून बाजूला काढून ठेवलं. जे दुर्मिळ होणार हे सगळ्यांना आधीच कळतं ते दुर्मिळ होत नाही. आजकाल टांकसाळी 'लिमिटेड एडिशन' म्हणून डबीतली चकचकीत नाणी विकतात त्यांच्याकडे मी याच नजरेने बघतो.

घडी न मोडलेली पैठणी

आता ग्रेडिंग. म्हणजे नाणं किती झिजलंय याचा दर्जा ठरवणं, आणि सगळा पैसा इथे आहे. साल तेच, टांकसाळ तीच, पण एक नाणं ५ पाउंडाचं आणि दुसरं ५०० चं, हे का हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही.

साडीवरून सांगतो. घडी न मोडलेली पैठणी म्हणजे 'अनसर्क्युलेटेड', टांकसाळीतून निघाली आणि कुणाच्या खिशात गेलीच नाही. एकदा लग्नात नेसून परत कपाटात ठेवलेली म्हणजे 'ईएफ', एक्स्ट्रीमली फाइन, झीज आहे पण फक्त सगळ्यात उंच जागी, शोधावी लागते. चार-पाच सणांना नेसलेली 'व्हीएफ', व्हेरी फाइन. रोजच्या वापराला काढलेली, काठ विटलेला पण नक्षी ओळखू येतेय ती 'फाइन'. हो, फाइन! इंग्रजीत फाइन म्हणजे छान, नाण्यात फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, नवीन माणूस इथेच फसतो. त्याखाली 'फेअर', म्हणजे पोतेरं.

हातात घेऊन कसं बघायचं ते सांगतो. जॉर्ज पाचव्याची पेनी घ्या, कडा धरून, पोटावर बोट लावायचं नाही. दिवा एका बाजूला, नाणं किंचित तिरकं करून हळू फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, त्याला लस्टर म्हणतात, ठसा पडताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो त्याच्या सूक्ष्म रेघांमुळे हे होतं. एकदा खिशात घासलं की उंच भागावरचं लस्टर आधी जातं आणि तिथे मंद, राखाडी-तपकिरी ठिपका दिसतो. राजाच्या भुवईवर, मिशीवर, कानावर बघायचं. मग उलटं करून ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या त्या बसलेल्या बाईची, छाती आणि शिरस्त्राण.

आणि इथे एक खोच आहे. जॉर्ज पाचव्याचं मुंडकं नाण्यावर इतकं मोठं आणि उठावदार होतं की ठसा मारताना धातू त्या बाजूला ओढला जायचा आणि मागे ब्रिटानिया पुसट यायची, वर राजाच्या डोक्याची भुतासारखी सावली दिसायची. टांकसाळीने १९२८ ला मुंडकं लहान केलं तेव्हा हे थांबलं. म्हणजे १९१५ च्या पेनीवर ब्रिटानिया पुसट दिसली तर ती झीज असेलच असं नाही, जन्मतःच तशी असेल. ओळखायचं कसं? पुसट भागावर लस्टर आहे का बघा. आहे तर ठसा कमजोर, नाही तर झीज. हे कळायला मला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत मी दोन्ही बाजूंनी चुकलो.

अमेरिकन लोकांची पद्धत आकड्यांची. विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये त्यांच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० ची मोजपट्टी काढली, कल्पना अशी की ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या ७० पट किमतीचं. भावाचं ते गणित केव्हाच मोडलं पण आकडे राहिले. ६० आणि त्याच्या वर सगळी न वापरलेली नाणी, त्याच्या खाली झिजलेली. ब्रिटिश 'ईएफ' साधारण अमेरिकन 'एयू' च्या, म्हणजे 'अबाउट अनसर्क्युलेटेड'च्या आसपास बसतं, म्हणजे नाव तेच असलं तरी दोन्हीकडचं 'ईएफ' सारखं नाही. ऑनलाइन घेताना विकणारा कुठल्या पट्टीने बोलतोय ते आधी विचारायचं.

"मग घासून लख्ख केलं तर?"

नाही. नाही. नाही.

मी नवीन नवीन असताना १८९७ चा हाफ क्राऊन घेतला होता, काळपट, निळसर झाक असलेला. मला वाटलं मळ. आईची पद्धत आठवली, चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, जुना टूथब्रश. पाच मिनिटांत देवाच्या भांड्यासारखा झगझगीत. कौतुकाने बाजारात एका म्हाताऱ्या डीलरला दाखवला. त्याने भिंग लावलं, काही बोलला नाही, भिंग माझ्याकडे दिलं. राणीच्या गालावर ब्रशच्या शेकडो बारीक समांतर रेघा. "आता भंगार चांदीच्या ट्रेमध्ये," एवढंच म्हणाला. ३५ पाउंडाचं नाणं मी स्वतःच्या हाताने वजनावर आणलं.

ती काळपट झाक म्हणजे चांदीवर हवेतल्या गंधकाने बसलेला थर, टोनिंग. तो एकसारखा, नैसर्गिक असेल तर उलट किंमत वाढवतो, कारण खाली कुणी हात लावलेला नाही याचा तो पुरावा. तांब्याच्या नाण्यांचंही तसंच. आपल्याकडे तांब्या-पितळेला घासून पुसून ठेवणं हे संस्कारात आहे, त्यामुळे हे पटायला जड जातं, मला कळतं. पण घासणं म्हणजे वरचा पापुद्रा काढणं आणि गिऱ्हाईक पैसे त्या पापुद्र्याचे देतंय. ठेवतानाही मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून निघणाऱ्या रसायनाने काही वर्षांत हिरवा चिकट डाग येतो.

डबीत बंद केलं की निर्धास्त?

ग्रेडवरून भांडणं होणारच, विकणाऱ्याला ते ईएफ दिसतं, घेणाऱ्याला व्हीएफ. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या, तुम्ही नाणं पाठवा, ते तपासून दर्जा ठरवतात आणि कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत देतात. या डबीला स्लॅब म्हणतात. ब्रिटनमधले जुने लोक अजून नाकं मुरडतात, नाणं हातात घेता येत नाही तर मजा काय, पण महागड्या नाण्यांच्या लिलावात आता स्लॅबच चालतो.

फायदा खरा आहे, नकली आणि घासलेलं नाणं बऱ्यापैकी गाळलं जातं. पण दर्जा देणारीही माणसंच, दहावीच्या पेपरतपासणीसारखं आहे, एकाला ६४ मिळतात, रीचेकिंगला टाकलं तर ६५. आणि ६४ ते ६५ मध्ये भाव कधी कधी दुप्पट होतो, त्यामुळे डबी फोडून पुन्हा पुन्हा पाठवणारे महाभाग आहेत. शिवाय डब्याही नकली निघतात, तर डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतोय का बघायचं. वीस पाउंडाच्या नाण्याला स्लॅब करणं म्हणजे वडापावला इन्शुरन्स.

सोन्याचं नकली नाणं, तेही सोन्याचंच

सॉव्हरिनचे आकडे पक्के: ७.९८८ ग्रॅम वजन, २२.०५ मिलिमीटर व्यास, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १८१७ पासून हेच, आजही हेच. केरळात आणि तामिळनाडूत सोन्याचा भाव आठ ग्रॅमच्या 'पवन' किंवा 'सॉव्हरिन'मध्ये सांगतात तो याच नाण्याचा वारसा.

आता बहुतेक सॉव्हरिन हे बुलियन, म्हणजे सोन्याच्या भावाने विकलं जाणारं नाणं. समजा शुद्ध सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरलं, नुसतं हिशोबाला, तर नाण्यात ७३ हजारांचं सोनं, त्यावर थोडंफार वर. मग काही नाणी सोन्याच्या कितीतरी पट का जातात? साल आणि टांकसाळ. सॉव्हरिन फक्त लंडनला नाही पाडली, सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया, आणि १९१८ मध्ये एकच वर्ष आपल्या मुंबईत. हो, फोर्टातल्या टांकसाळीत, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची शाखा काढून १२,९५,३७२ नाणी पाडली. घोड्यावर बसून ड्रॅगन मारणारा सेंट जॉर्ज आहे ना, त्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आणि त्याखाली साल, त्या रेघेवर मध्यभागी इवलंसं रोमन 'आय' अक्षर, इंडियाचं. भिंगाशिवाय दिसत नाही. त्यानंतर भारतात सॉव्हरिन पाडली ती थेट २०१३ पासून, हरियाणात एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने, त्यावरही तेच अक्षर.

लंडनच्या नाण्याला अक्षर नसतं. १९१७ चं बिनअक्षराचं, म्हणजे लंडनचं सॉव्हरिन, पाडली दहा लाखांवर पण युद्धाच्या खरेदीपोटी सोनं अमेरिकेला गेलं आणि बहुतेक वितळली असं मानतात, आज ते फार महाग. १९१७ चंच पर्थ किंवा सिडनीचं नाणं मात्र साधं, सोन्याच्या भावाचं. साहजिकच १९१७ ची नकली लंडन सॉव्हरिन बाजारात आहेत, दिसलं की आधी शंका घ्यायची.

नकली म्हणजे पितळेची नव्हेत. १९५० च्या आसपास मिलानमध्ये चक्क अस्सल सोन्यातून सॉव्हरिन पाडायचा धंदा चालला होता. सोन्याचं नकली नाणं सोन्यात बनवून काय मिळणार? तर ब्रिटनने पाडणं बंद केलेलं, मागणी जोरात, म्हणून नाणं सोन्याच्या भावापेक्षा बरंच वर विकलं जायचं, मधला फरक खिशात. प्रकरण कोर्टात गेलं तर स्वित्झर्लंडच्या कोर्टाने म्हटलं की सॉव्हरिन चलनात फिरतच नाही, मग नकली चलनाचा गुन्हा कसला! १९५७ ला ब्रिटनने पुन्हा पाडायला घेतलं त्याचं एक कारण हेही. घरच्या गिनीबद्दल सोनार "सोनं खरं आहे" म्हणाला म्हणजे नाणं खरं असा अर्थ होत नाही, एवढं लक्षात ठेवा. सोन्याचे पैसे मात्र मिळतील.

"एफडीपेक्षा बरं ना?"

पेपरात येतं, एडवर्ड आठव्याचं सॉव्हरिन दहा लाख पाउंडाला गेलं. खरं आहे, जानेवारी २०२०. हा राजा डिसेंबर १९३६ ला गादी सोडून गेला म्हणून नाणी बाहेर आलीच नाहीत, फक्त नमुने राहिले, शिवाय प्रत्येक नवीन राजाचं तोंड आधीच्याच्या उलट दिशेला ही जुनी प्रथा यांनी मोडली कारण त्यांना स्वतःची डावी बाजू जास्त आवडायची. अशा नाण्याची आणि तुमच्या-माझ्या नाण्याची तुलना म्हणजे सचिनची बॅट लिलावात गेली म्हणून माळ्यावरची बॅट काढण्यासारखं.

साधा हिशोब करू. लिलावात तुम्ही नाणं १००० पाउंडाला जिंकलात. वर बायर्स प्रीमियम, लिलाववाल्यांचं घेणाऱ्याकडून कमिशन, समजा २०%, म्हणजे खिशातून गेले १२००. त्या प्रीमियमवर व्हॅट असतो तो सोडूनच देऊ. पाच वर्षांनी विकायला काढलंत, विकणाऱ्याचं कमिशन समजा १५%. नाणं पुन्हा १००० ला गेलं तर हातात ८५०. नुसते गुंतवलेले १२०० परत यायला ते १४१२ ला जायला हवं. म्हणजे भाव ४१% वाढला तेव्हा तुम्ही जिथून निघालात तिथे पोचलात. डीलरला विकलं तरी तीच कथा, त्यालाही दुकान चालवायचंय. ना व्याज, ना डिव्हिडंड, आणि गरज पडली तर उद्या सकाळी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

माझं स्पष्ट मत, सोनं घ्यायचं असेल तर साधी सॉव्हरिन घ्या, दुर्मिळ म्हणून एक रुपयाही जास्त न देता, किंवा सरळ इतर कुठलं सोनं घ्या. ब्रिटनमध्ये राहत असाल तर १८३७ पासूनच्या सॉव्हरिनवर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, ती चलन मानली जातात, आणि गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅटही नाही, इकडचे लोक सॉव्हरिन घेतात ते मुख्यतः यासाठी. भारतात राहणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये, तुम्हाला भारताचे नियम. आणि दुर्मिळ नाणी घ्यायची तर आधी दोन वर्षं नुसती बघा, कॅटलॉगमधल्या किमती नव्हे, लिलावात प्रत्यक्षात किती मिळाले ते आकडे बघा. कॅटलॉगची किंमत म्हणजे एमआरपी, आणि तीही डीलर तुम्हाला विकेल ती, घेईल ती नव्हे.

"मग लंडनला पाठवते, तू विक"

मावशीने हेही सुचवलं. कुणीही करू नका. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी 'पुरावस्तू' धरली जातात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पाहुण्याच्या बॅगेत कुरडयांच्या डब्यात घालून तर अजिबात नको.

तर मावशीला म्हटलं, अंगठा काढून, खिडकीपाशी, सालाच्या वरच्या जागेचा फोटो पाठव. तीन फोटो हलले. चौथ्यात १९१८ दिसलं आणि रेघेवर ते इवलं 'आय'. मुंबईचं! मी इकडे खुर्चीतून उठलो, आजीच्या वडिलांनी की कुणी, मुंबईत घेतलेलं नाणं मुंबईतच पाडलेलं. फोन करून तिला सगळं सांगितलं, टांकसाळ, युद्ध, अक्षर, बारा लाख नाणी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मग येतील किती?"

म्हटलं, मावशी, कडी डाग दिलेली आहे, त्यामुळे संग्राहक हात लावणार नाही, म्हणजे सोन्याचे येतील.

"म्हणजे सोनार म्हणाला तेवढेच ना? मग तुला विचारून काय उपयोग झाला?"